तोंड बंद ठेवून शिकलेली जपानी

माझी आई तेलुगू शिकली ती भांडून. देगलूरला आमच्या गल्लीत एकच नळ, आणि पलीकडच्या घरची तेलुगू बोलणारी बाई रोज आईच्या आधी घागर लावायची. आईला आधी तिच्या शिव्या कळायला लागल्या. मग त्या परत करता यायला लागल्या. मग पाण्याचे, भांड्यांचे, सासूचे शब्द आले, आणि पुढं पुढं नळ गेल्यावरही दोघी तिथंच बसून बोलायच्या. कुणी पाटी आणली नाही, कुणी परीक्षा घेतली नाही. आमच्या गावात बाजाराच्या दिवशी माणूस मिरची मराठीत बघतो, भाव कानडीत पाडतो आणि फसला की दखनीत ओरडतो. त्याला कुणी भाषापंडित म्हणत नाही.

हे आधी सांगून टाकते, कारण ‘भाषा हा दोन संस्कृतींना जोडणारा पूल आहे’ असलं वाक्य मी बऱ्याच व्यासपीठांवरून ऐकलंय, आणि ते म्हणणारी माणसं पुलाच्या तोंडाशी नाका टाकून बसलेली पाहिलीत. मी जपानी शिकले ती जपानवर जीव जडला म्हणून नाही. एका गावातली बालवाडी दगडाची होऊ नये म्हणून शिकले. बाकी कुठलंही कारण मला चिकटवू नये.

लातूरच्या भूकंपाला काही वर्षं उलटली होती. मी पंचविशीच्या आसपास, नांदेडला एका संघटनेत पूर्णवेळ. काम म्हणजे पत्रकं लिहायची, भिंती रंगवायच्या, मोर्च्यात पुढं राहून घसा फोडायचा. संघटनेनं मला लातूरकडच्या एका पुनर्वसित गावाला जोडून दिलं. जुनं गाव दगडमातीचं होतं, वर मातीचं जाड माळवद. त्या रात्री ते सगळं माणसांच्या अंगावर आलं. नवं गाव माळावर वसवलं. रस्ते एवढे रुंद की शेजारणीकडं विरजण मागायला जायचं तर चप्पल घालावी लागे.

या गावात भूकंपानंतर इतक्या देशांची माणसं येऊन गेली होती की बायकांना चार-पाच भाषांत आभार मानता यायचे. फक्त आभार. ‘नको’ येत नव्हतं, ‘का’ येत नव्हतं, ‘तुम्ही कोण’ येत नव्हतं. मदत घेणाऱ्याला भाषा शिकवतात ती एवढीच.

आणि गावाच्या मधोमध उभं होतं दगडी सभागृह. एका जपानी देणगीदार मंडळानं बांधून दिलेलं, काळ्या दगडाचं, देखणं. दारावर संगमरवरात इंग्रजी मजकूर, त्याचा अर्थ असा की ज्या दगडानं दुःख दिलं त्याच दगडातून आशा उभी राहो. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. असली वाक्यं कशी जमवतात ते मला ठाऊक आहे. कागदावर ती फार छान दिसतात.

त्या सभागृहात गावातलं एकही माणूस बसत नव्हतं. बचत गटाची बैठक सभागृहाच्या बाहेर, उन्हात. भजन बाहेर. पोलिओचा डोस बाहेर. कुत्री तेवढी आत जायची.

मावशींनी मला पहिल्याच दिवशी ते दाखवलं. मावशी म्हणजे पत्र्याच्या शेडात बालवाडीची पोरं सांभाळणाऱ्या बाई. त्यांची सून आणि नातू माळवदाखाली गेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, आणि परत कधी काढलं नाही.

“इंजिनेर म्हंतेत आत लोखंड हाय,” मावशी म्हणाल्या. “आसंल की. मला लोखंड दिसतंय का? मला दगड दिसतोय.”

“मग बांधताना सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगू? त्यो साहेब मधी हुबा.”

तो साहेब म्हणजे स्थानिक संस्थेचे सचिव. देणगी परदेशातून येणार, काम त्यांच्या संस्थेमार्फत होणार. पाहुण्यांसोबत एक जपानी बाई असायची, तिला इंग्रजी यायचं. ती जपानीचं इंग्रजी करायची, सचिवसाहेब इंग्रजीचं मराठी करायचे, आणि उलट जाताना मराठीचं जे काय करायचे ते करायचे. दगडाची खाण त्यांच्या मेव्हण्याची होती, हे गावात उघड होतं. पाहुण्यांच्या कानावर मात्र ते कधी गेलं नाही, कारण कानात घालणारे तेच होते.

उद्घाटनाच्या आधी म्हणे साहेबांनी बायकांना शेडात बसवून ‘अरिगातो गोझाइमास’ पाठ करून घेतलं. “उखाण्यावानी घोकलं बाई,” मावशी म्हणाल्या. “आमच्या मालकाचं नाव बी मी इतक्यांदा घेतलं नसंल.” आणि मग बायकांनी ओळीत उभं राहून, सभागृहाकडं पाठ करून, ते म्हटलं. म्हातारे जपानी गृहस्थ, जे त्या मंडळाचे मुख्य होते, खूप वेळ वाकून उभे होते म्हणे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सचिवसाहेबांनी सांगितलं, त्या आनंदानं भारावल्यात.

आता त्याच मंडळाची पुढची देणगी येणार होती, बालवाडीला. आणि साहेबांनी गावसभेत जाहीर करून टाकलं होतं: बालवाडीही दगडाचीच, सभागृहाला शोभेशी.

“लेकरं आत न्हाई घालायची मी,” मावशी म्हणाल्या. “शेड मोडलं तर झाडाखाली बसवीन. पर दगडाखाली न्हाई.”

सांगणं एवढंच होतं. दोन वाक्यांचं. ते म्हाताऱ्या गृहस्थांपर्यंत पोचवायचं होतं.

मी आधी सरळ वाट धरली. पुढच्या भेटीला पाहुणे आले तेव्हा पुढं होऊन त्या जपानी बाईंशी इंग्रजीत बोलले. माझं इंग्रजी संघटनेच्या निवेदनांपुरतं, पण दगड, भीती, मुलं एवढं कुणालाही कळेल असं. त्या बाईंनी मान डोलावून ऐकलं, आणि अतिशय सभ्यपणे सचिवसाहेबांकडं बोट केलं. म्हणजे कामाचं त्यांच्याशी बोला. मी लेखी दिलं, तर तो कागद त्यांनी माझ्यासमोर साहेबांच्या हातात ठेवला. साहेबांनी घडी करून खिशात घातला.

“ताई,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमच्या भावना पोचवतो मी.”

“भावना नाहीत त्या. मागणी आहे.”

“तेच ते. मी त्यांना बरोबर शब्दात सांगतो.”

त्या दिवशी मला कळलं की इंग्रजीच्या वाटेवर यांचा नाका आहे, आणि तिथून आमचं काही पलीकडं जाणार नाही. म्हातारे गृहस्थ दहा हातांवर उभे होते. त्यांना जपानीशिवाय काही येत नव्हतं. मग त्यांच्याशी जपानीतच बोलायचं.

नांदेडच्या कार्यालयात हे सांगितलं तर सगळे हसले. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “आधी आंध्राच्या हद्दीवरच्या मजुरांसाठी तेलुगू शीक, मग जपानकडं बघू.” मी म्हटलं, तेलुगू माझी आई शिकलीये, माझ्या वाट्याला जपानी आली. देगलूरला आईनं फक्त एवढं विचारलं, “तिथं भांडायला कोण हाय?”

लातूरला त्या दिवसांत शिकवण्यांचं पीक आलं होतं. गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकायला लागली आणि सबंध महाराष्ट्रातून आईबाप पोरांच्या वळकट्या घेऊन बसस्टँडवर उतरायला लागले. घराघरात खोल्या भाड्यानं, गल्लोगल्ली क्लास, पहाटे अंधारात सायकलींची झुंड. या गर्दीत एका फिजिक्सच्या सरांनी बाजार ओळखला. पुण्यातल्या कंपन्यांना जपानी येणारे इंजिनियर लागतात अशी बातमी उठली होती, आणि सरांनी स्वतः कधीतरी पुण्यात जपानीचा कोर्स केलेला होता. फिजिक्सच्या वरच्या मजल्यावर पाटी लागली: जपानी व जर्मन, लातूर पॅटर्नप्रमाणे.

मी गेले तेव्हा सर टेबलावर पेपरांचे गठ्ठे लावत होते.

“बारावीला किती पडले?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“बारावीचं काय करायचंय? मला जपानी बोलायला शिकायचंय.”

“बोलायचं नाव काढू नका. परीक्षा काय म्हणते? चार पर्याय, एक गोल. बोलायला मार्क आहेत का? नाहीत. मग ज्याला मार्क नाहीत त्यात वेळ घालवायचा कशाला?”

“पण सर, भाषा आहे ती.”

“फिजिक्स पण भाषाच आहे, मॅडम. आमची पोरं कुणाशी फिजिक्स बोलतात?”

लातुरात दुसरा जपानी शिकवणारा नव्हता. मी नाव घातलं, आणि तिथंच एक खोली भाड्यानं घेतली.

त्या वर्गाबद्दल मी कितीही वाईट लिहिलं तरी थोडंच. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: वर्गात बोलणाऱ्यास बाहेर काढले जाईल. भाषेच्या वर्गात! रोज पहाटे पेपर. गोल काळे करायचे. पेपर संपला की दुसऱ्याचा तपासायचा, चुकलेले प्रश्न परत सोडवायचे, मग चुकलेल्यांतले चुकलेले. दुपारपर्यंत दारावर नंबर लागायचे. चिन्हं पाठ, अर्थ पाठ, कुठला पर्याय फसवा आहे ते पाठ. उच्चार? सर एकदा म्हणाले, “उच्चार पुस्तकात मागं दिलेत, ज्यांना हौस आहे त्यांनी बघावेत.” कॅसेट प्लेयर होता, पण त्यावर सर फिजिक्सच्या पोरांना सकाळी स्तोत्रं लावायचे.

आणि वर्गात कोण होतं? लेकरं नव्हती. पुण्याला जाऊ पाहणारे बेकार डिप्लोमावाले, लग्न ठरत नाही म्हणून घरच्यांनी धाडलेल्या मुली, एक मेडिकल दुकानवाला. जर्मनच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमास्तर काका बसायचे. मुलगा तिकडं, सून जर्मन. काका जर्मनमध्ये सतत पहिले. एकदा एसटीडी बूथवर ते मला भेटले. सून फोनवर आली तसा त्यांनी रिसीव्हर गरम तव्यासारखा काकूंच्या हातात दिला. काकू मराठीत म्हणाल्या, “जेवलीस का गं?” आणि पलीकडून काहीतरी आलं, मग काकू हसल्या. काका बाजूला उभे राहून रुमालानं चष्मा पुसत होते.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले. “सर, आज पेपर नको. आज सगळ्यांनी एकेक वाक्य मोठ्यानं बोलायचं.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकजण कुजबुजला, “बसा ना ताई, पहिला तास जायलाय.”

सर शांतपणे म्हणाले, “ताई, मोर्चा काढायचा तर गांधी चौकात काढा. इथं एकच आवाज चालतो, पेनचा.”

आणि मला बाहेर काढलं. पाटीप्रमाणे. मी परत गेले, कारण बालवाडीची जागा तोवर आखली गेली होती आणि खाणीतून दगडाचे ट्रक येऊन पडायला लागले होते. सर शिष्टाचारानं हसले. “आलात? बसा. आज कानजीचा पेपर आहे.” कानजी म्हणजे त्यांची ती चित्रासारखी अक्षरं. दगडाचं अक्षर सोपं निघालं, मुलाचं त्याहून सोपं. भीतीचं अवघड होतं, तर ते साध्या अक्षरांत लिहिता येतं असं पुस्तकात दिलं होतं. इशी म्हणजे दगड. कोदोमो म्हणजे मूल. कोवाई म्हणजे भीती वाटते. मला यापेक्षा जास्त काही नको होतं. पुस्तकात मात्र स्टेशन कुठे आहे आणि हे सफरचंद कितीला, हेच पानोपान. मी माझी वाक्यं स्वतः जुळवली. शब्दकोश घेऊन, एसटीत बसून, निलंग्याच्या वाटेवर खड्ड्यांतून.

गावात मावशींसमोर म्हणून दाखवायचा प्रयत्न केला.

मावशींनी गाल फुगवून ऐकलं. “ह्ये बोलायलीस का वाचायलीस?”

“बोलतेय.”

“तोंड का हालंना मग? तुझी जपानी मुकी हाय पोरी.”

पोरांनी तेवढं उचललं. मी शेडाजवळ दिसले की तीन-चार चिल्लीपिल्ली “मुकी बाई आली” म्हणून पळत सुटायची.

पाहुणे आले ते बालवाडीच्या पायाभरणीलाच. सकाळी मंडप, पिपाणी, रांगोळी. सभागृहाकडं जाणाऱ्या वाटेच्या कडेला लावलेल्या दगडांना एक माणूस बादलीतून चुना मारत होता. बायकांची ओळ तयार. सचिवसाहेब ओळीसमोरून फिरत होते, बँडमास्तर फिरतो तसे. “सगळ्यांनी एका सुरात. आणि पदर नीट घ्या.”

म्हातारे गृहस्थ आले. काळा कोट, बारीक अंगकाठी, हातात टोपी. सभागृहाजवळ थांबून त्यांनी दगडावरून हात फिरवला, आपल्या घरच्या बैलावरून फिरवावा तसा. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला. सोबतच्या जपानी बाई, सचिवसाहेब, कुणी अधिकारी, मागं फोटोवाला. कुदळ रेशमी रुमालात गुंडाळून ठेवलेली.

मी ओळ सोडून पुढं गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले. जे एसटीत जुळवलं होतं ते.

त्यांना कळलं नाही. त्यांनी कान पुढं केला. मी परत म्हणाले, मोठ्यानं. माझ्या तोंडून जे निघत होतं ते त्यांच्या भाषेतलं आहे, हेच त्यांना उमगत नव्हतं. सोबतच्या बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, अरिगातो. त्यांना वाटलं मी आभार मानतेय. त्यांना दुसरं काय वाटणार? या गावातून आजवर दुसरं काही बाहेर आलंच नव्हतं.

“ताईंना बरं नाहीये,” सचिवसाहेब अधिकाऱ्यांना म्हणाले, आणि माझ्या कोपराला धरलं. “ऊन लागलं. बसवा कुणीतरी.”

मी हात झटकला. ओळीतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. त्या बघण्यात दया होती, आणि ती मला सचिवसाहेबांच्या हातापेक्षा जास्त बोचली. सबंध पॅटर्न माझ्या घशात अडकून बसला होता. नंबर दारावर लागले होते माझे, आणि मी दहा वर्षांच्या पोराला कळेल एवढंही बोलू शकत नव्हते.

तेव्हा मावशी ओळीतून निघाल्या. सावकाश चालत वाटेपर्यंत गेल्या, चुना मारणाऱ्या माणसाच्या हातातून कुंचा काढून घेतला, बादली उचलली, आणि दोन्ही आणून माझ्यापुढं दाणकन ठेवलं.

“बोलता येईना तर लिही की,” त्या म्हणाल्या. “भिताडं रंगवायचा तर धंदा हाय तुझा.”

मी दुसरीकडं कुठं लिहिणार? समोर सभागृहाची भिंत होती. काळी, स्वच्छ, गावातल्या कुणी हात न लावलेली. मी कुंचा बुडवला आणि लिहायला लागले.

मागून सचिवसाहेबांचा आवाज चिरकला, “अहो! अहो, काय करायलात! धरा तिला!” कुणी धरलं नाही. बायकांची ओळ मोडली होती, आणि मोडलेली ओळ माझ्यामागं येऊन उभी राहिली होती, जाड पडद्यासारखी.

मी लिहिलं, हातभर अक्षरांत: दगडाच्या घराची भीती वाटते. दगडानं आमची मुलं मारली. या घरात कुणी बसत नाही. मुलांचं घर दगडाचं नको.

चुना ओघळत होता. अक्षरं मात्र बरोबर होती. गोल काळे करून करून ती माझ्या हाडांत गेली होती. सरांचा हा विजय मी आजही मान्य करायला तयार नाही, पण लिहून ठेवते.

वळून पाहिलं तर म्हातारे गृहस्थ वाचत होते. वरून खाली. मग परत वरून. पिपाणीवाला थांबला होता. ते माझ्याकडं बघून बोलायला लागले, बरंच बोलले, आवाज चढवून, आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी शुंभासारखी उभी. सोबतच्या बाईंनी सवयीनं सचिवसाहेबांकडं तोंड वळवून इंग्रजी सुरू केलं, आणि साहेब लगेच सावरले.

“पाहुणे म्हणतात,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “की ताईंचं अक्षर छान आहे.”

एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं मराठी! माझ्या मागून कुणीतरी बाई फिसकन हसली. मी कुंचा म्हाताऱ्यांपुढं धरला.

त्यांनी कुंच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. टोपी सोबतच्या बाईंकडं दिली. कोटाची बाही वर सारली, कुंचा घेतला, आणि स्वतः बांधून दिलेल्या भिंतीवर, माझ्या अक्षरांच्या खाली, लिहिलं. त्यांचं अक्षर घाईचं आणि रागाचं होतं. मी पिशवीतून शब्दकोश काढला. सगळं गाव वाट बघत उभं राहिलं, अधिकारी घड्याळ बघायला लागले, आणि मी जमिनीवर उकिडवी बसून एकेक अक्षर लावत गेले. लागलं तसं उठून बायकांकडं वळले.

“विचारतायत, मग उद्घाटनाला आभार का मानलेत?”

सचिवसाहेब पुढं आले, “हे बघा, गैरसमज होतोय, मी सांगतो त्यांना...”

“तुमी ऱ्हाऊ द्या,” मावशी म्हणाल्या. मग मला, “सांग त्येला. आमाला शिकवलं त्येवढंच आमी म्हणलं.”

मी खाली लिहिलं: हा एकच शब्द आम्हाला शिकवला होता.

त्यांनी ते वाचलं. मग सोबतच्या बाईंना काहीतरी विचारलं, फार बारीक आवाजात. त्या बाई या वेळी हसल्या नाहीत. सचिवसाहेबांकडं वळून त्यांनी साध्या इंग्रजीत विचारलं, कुणी शिकवला? ते मलाही कळलं, अधिकाऱ्यांनाही कळलं. एकट्या सचिवसाहेबांना त्या वेळी दुभाष्याची गरज पडली.

कुदळ रुमालातच राहिली. म्हाताऱ्यांनी चुन्यानं भरलेला हात पुसला, बायकांच्या पुढं आले, पण या खेपेला वाकले नाहीत. चहा न घेता गाडीत बसले. ते आमच्यावर रागावले होते की साहेबांवर, हे मला कळलं नाही, आणि त्याची मला फिकीरही नव्हती. एखाद्याचं सुंदर काम तोंडावर नाकारलं की तो रागावतोच.

“गावाचं नुकसान केलंत तुम्ही,” सचिवसाहेब धूळ खाली बसायच्या आत मला म्हणाले. “आता एक दमडी येणार नाही.”

“न यीना,” मावशी म्हणाल्या. “झाड हाय आमचं.”

पण आली. दगड नाही आले; मंडळाचा माणूस येऊन विचारून गेला तेव्हा बायकांनी पत्रा सांगितला होता. जे पडले होते तेही एक दिवस ट्रकांनी उचलून नेले. छताच्या लोखंडी कैच्या आल्या, पत्रे आले, पातळ भिंतींचे तुकडे आले. मुलांचं घर पत्र्याचं उभं राहिलं आणि पोरं पहिल्या दिवशी आत गेली. मावशी आधी एकट्या गेल्या, भिंतीला बुक्की मारून बघितली, मग पोरांना हाक मारली.

सभागृहावरची अक्षरं साहेबांनी घासून काढायला लावली. काळ्या दगडातून चुना पुरता निघत नाही.

लातूरला मात्र निराळीच गंमत. महिन्याभरानं एसटीतून उतरले तर स्टँडसमोर फलक: आमच्या विद्यार्थिनीचे जपानी पाहुण्यांशी यशस्वी संभाषण. खाली पायाभरणीच्या फोटोवाल्यानं काढलेला माझा फोटो, हातात कुंचा. मी तडक वरच्या मजल्यावर गेले.

“सर, मी एक शब्द बोलू शकले नाही. तोंडावर पडले मी.”

“तेच तर सांगतोय सगळ्यांना,” सर गठ्ठे लावत म्हणाले. “एक शब्द न बोलता जमलं. पॅटर्न!”

फलक मी स्वतः चढून फाडला. पोस्टमास्तर काका खाली उभे होते, त्यांनी शिडी धरली. पुढच्या आठवड्यात त्यांनी क्लास सोडल्याचं कळलं, आणि काकूंकडून निरोप आला की हल्ली ते फोनवर सुनेशी बोलतात, म्हणजे चुकतात आणि ती हसते.

उन्हाळा लागला आणि पत्रा तापायला लागला. दुपारी आत बसवेना. मावशींनी मला बोलावून घेतलं. “लिही त्येला. पत्रा तापायलाय म्हणाव. वर काईतरी टाकून दे म्हणाव.”

मी लिहिलं. पत्ता बालवाडीवर लावलेल्या मंडळाच्या पाटीवरच होता. उत्तर आलं, त्याच घाईच्या अक्षरांत. पत्रा तुम्हीच मागितला होता.

वाचून दाखवलं तशा मावशी खवळल्या. “हाव, मागितला! मागितला म्हणून काय लेकरं भाजू? त्याच्या देशात ऊन पडत न्हाई का? ह्ये सगळं लिही. आन वरून अजून लिही...” आणि वरून त्यांनी जे सांगितलं ते शब्दकोशात सापडायला मला बराच वेळ लागला.

पण लिहिलं. त्यालाही उत्तर आलं, आधीच्यापेक्षा लांब, आधीच्यापेक्षा चिडकं. आता त्यांचं लिहिलेलं मला बरंचसं शब्दकोशाशिवाय लागतं. देगलूरला गेले तेव्हा आईनं नळावरून घागर आणताना विचारलं, “काय गं, आल्या का शिव्या?”

“एक आली,” मी म्हटलं. “दुसरी मावशींना हवीय, शोधतेय.”